दुर्बल हृदय आणि देहाचे वजन

(हैदराबाद येथे महाजन कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रींच्या कृपेने आज आपण येथे एकत्र जमलो आहोत. गोमंतकापासून इतक्या दूर, दख्खनच्या या पठारावर राहूनही आपल्या कुटुंबांनी कुलदेवतेशी आणि परस्परांशी असलेला संबंध तुटू दिलेला नाही, ही समाधानाची गोष्ट होय. देवालयाचा इतिहास, उत्सवांची परंपरा, महाजनांचे हक्क व कर्तव्ये या विषयांवर बोलण्यास माझ्याहून अधिकारी माणसे येथे आहेत. मला कार्यकारी मंडळाने आरोग्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा केली आहे. मी वैद्य नव्हे. माझा जन्म कचेरीत नोंदवह्या लिहिण्यात व बेरजा पडताळण्यात गेला. एखादा आकडा समोर आला की तो कोणकोणत्या रकमा मिळून झाला, हे पाहिल्यावाचून माझ्यासारख्या कारकुनाला चैन पडत नाही. त्याच सवयीने हृदयरोग्याच्या वजनाविषयी मी जे वाचले व जाणकारांकडून समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे. औषधोपचाराचा निर्णय ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच करावयाचा, हे आरंभीच सांगून ठेवतो.

हा विषय निवडण्याचे कारण असे की आपल्या मंडळींत साठी ओलांडलेल्यांची संख्या मोठी आहे, आणि हृदय थकलेले एखादे माणूस बहुतेक घरांत असते. अशा माणसाला दोन बाजूंनी उपदेश होतो. एक म्हणतो, "तुमचे वजन फार आहे, ते उतरवा." दुसरा म्हणतो, "आजारी माणसाने अंग धरले पाहिजे, चांगले खा." त्यात अलीकडे तिसरा म्हणणारा निघाला आहे. हार्ट फेल्युअरच्या रोग्यांत जाड माणसे बारीक माणसांपेक्षा अधिक जगतात, असे आढळल्याचे त्याने कोठेतरी वाचलेले असते. मग ज्याचे पोट सुटलेले आहे तो निश्चिंत होतो आणि ज्याचे गाल बसलेले आहेत तो भयभीत होतो. या तिन्ही उपदेशांत खरे किती आणि घरच्या माणसांनी त्यातून घ्यावयाचे काय, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम 'हार्ट फेल्युअर' म्हणजे काय ते पाहू. नाव ऐकून हृदय बंद पडले असे वाटते, पण तसे नाही. शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्यास हृदय असमर्थ होते, किंवा ते काम त्याला मागे दाब वाढवूनच करता येते, या अवस्थेस हे नाव आहे. रक्त मागे साचते, मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात, पावले सुजतात, चालताना आणि पुढे पुढे आडवे झाले तरी श्वास लागतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यानंतर, अनेक वर्षांच्या रक्तदाबाने, झडपांच्या दोषाने किंवा स्नायूच्याच विकाराने ही स्थिती येते. केरळात त्रिवेंद्रम जिल्ह्यातील १८ रुग्णालयांनी २०१३ साली अशा १२०५ रोग्यांची पद्धतशीर नोंद केली. त्यांचे सरासरी वय सुमारे ६१ होते. वर्षभरात त्यांतील जवळजवळ ३१ टक्के आणि पाच वर्षांत सुमारे ५९ टक्के रोगी दगावले. यावरून हा रोग किती गंभीर आहे आणि आपल्या देशात तो माणसाला कोणत्या वयात गाठतो, हे ध्यानी येईल.

आता आपण ज्या नगरीत बसलो आहोत तिचा या विषयाशी असलेला जुना संबंध सांगतो. तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. तिचा आरंभ १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे झाला. रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत बेरीबेरी या रोगाच्या चौकशीचे काम सुरू केले. ते काम वाढत गेले, १९५८ साली संस्था हैदराबादेस आली आणि १९६९ साली तिला आजचे नाव मिळाले. या बेरीबेरीचा एक प्रकार 'ओला' म्हणून ओळखला जातो. त्यात पाय सुजतात, श्वास लागतो, हृदय फुगते आणि थकते. म्हणजे तेही हार्ट फेल्युअरच होय. त्याचे कारण आहारातील ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव. गिरणीत सडून पांढराशुभ्र केलेला कच्चा तांदूळ हेच ज्यांचे मुख्य अन्न, त्यांना तो होई. जुन्या मद्रास इलाख्यातील उत्तर सरकार नावाच्या तेलुगू किनारपट्टीत तो विशेष आढळे. उकडा तांदूळ खाणाऱ्यांत मात्र तो क्वचितच दिसे, कारण भात उकडताना हे जीवनसत्त्व वरच्या थरांतून आतल्या दाण्यात मुरते आणि पुढे तांदूळ सडला तरी बरेचसे शिल्लक राहते. आपल्या घरी सकाळी जी उकड्या तांदळाची पेज होत असे, तिची ही थोरवी आपल्या आजींना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

ही हकीकत सांगण्याचा हेतू असा की हृदय केवळ अति खाण्याने बिघडते असे नाही; पोषण कमी पडल्यानेही ते बिघडते. ही दुसरी बाजू आपण सहसा विसरतो.

पहिली बाजूही तितकीच पक्की आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या ५८८१ स्त्रीपुरुषांवर सरासरी १४ वर्षे लक्ष ठेवून २००२ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार स्थूल माणसांना हार्ट फेल्युअर होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट होता. मेद वाढला की रक्तदाब, मधुमेह व हृदयावरचा भार हे तिन्ही वाढतात. तेव्हा निरोगी माणसाने वजन आटोक्यात ठेवावे, याबद्दल दुमत नाही.

गोंधळ पुढेच आहे. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात उपचार घेणाऱ्या, रोग बराच बळावलेल्या १२०३ रोग्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. स्थूल रोगी आधी दगावतील अशी अपेक्षा होती. परंतु ते अधिक जगलेले दिसले. पुढे २००८ साली निरनिराळ्या नऊ अभ्यासांतील मिळून २८,२०९ रोग्यांचे आकडे एकत्र केले गेले. नेहमीच्या वजनाच्या रोग्यांशी तुलना करता वजन थोडे अधिक असलेल्यांत मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी, तर स्थूलांत ३३ टक्क्यांनी कमी आढळला. जे रोग आणते तेच रोग्याला तारते, अशा या विसंगतीला डॉक्टर मंडळी 'स्थूलतेचा विरोधाभास' म्हणू लागली.

आपल्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ निंद्य देहांचे वर्णन आहे. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही येतात, परंतु या दोहोंत कृश बरा, असा चरकाचा अभिप्राय आहे. नवे आकडे जणू त्याच्या विरुद्ध साक्ष देऊ लागले. तेव्हा ही साक्ष बारकाईने तपासली पाहिजे.

या अभ्यासांत स्थूलता मोजली होती ती एका सूत्राने. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे, की जो अंक येतो तो देहभारांक. १ मीटर ६० सेंटिमीटर उंचीच्या व ६४ किलो वजनाच्या माणसाचा हा अंक २५ होतो. केतले नावाच्या बेल्जियन विद्वानाने एकोणिसाव्या शतकात हे गुणोत्तर काढले, ते जनसमूहांचे वर्णन करण्यासाठी; एकेका रोग्याचे भविष्य सांगण्यासाठी नव्हे. त्या अंकात माणसाचे हाड, मांस, मेद आणि पाणी ही सर्व एकाच रकमेत मोडतात. एखाद्या संस्थेच्या तिजोरीतील शिल्लक पुष्कळ दिसावी आणि तपासणीत कळावे की त्यातील मोठा भाग लोकांच्या ठेवींचा आहे, तसे हे आहे. केवळ शिलकेवरून संस्था सुस्थितीत आहे की नाही, हे सांगता येत नाही.

याचे उत्तम उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभारांक २२.३, अगदी सारखा. पण अंगातील मेद मोजला तेव्हा डॉ. युडकिन यांच्यात तो ९.१ टक्के निघाला आणि डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपल्या लोकांची ठेवणच अशी आहे की हातपाय बारीक दिसतात आणि मेद पोटात साठतो. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या वरचा अंक अधिक वजनाचा आणि २५ च्या वरचा स्थूलतेचा मानावा, असे आपल्याकडील तज्ज्ञांनी २००९ साली ठरविले.

आता हार्ट फेल्युअरच्या रोग्याच्या वजनाची फोड करू. त्यात तीन रकमा मुख्य: पाणी, मेद आणि मांस. पाणी ही उसनी रक्कम आहे. ती वाढली म्हणजे रोग बळावला. पोटातला मेद हा हृदयावरील बोजा आहे. आणि मांस, म्हणजे स्नायू, हे माणसाचे खरे भांडवल आहे. दीर्घ आजारात ते झिजू लागले की रोग्याचा टिकाव सुटतो. हृदय थकलेल्या माणसाच्या आतड्यांनाही सूज येते, भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही, जेवतानाही धाप लागते, आणि रोगाच्या दाहात शरीर स्वतःचेच मांस वापरू लागते. या झिजेला वैद्यकात 'कॅकेक्सिया' म्हणतात. लिसेवात जुन्या भाषांचे जे थोडेफार संस्कार झाले, त्यांमुळे या शब्दाचे मूळ शोधण्याचा मोह झाला. तो ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ केवळ 'वाईट अवस्था' असा आहे.

ती किती वाईट, हे १९९७ साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झालेल्या डॉ. श्टेफान आंकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासावरून कळते. त्यांनी १७१ रोगी पाहिले. ज्यांचे वजन सहा महिन्यांत किंवा अधिक काळात साडेसात टक्क्यांहून अधिक, आपोआप उतरले होते, त्यांतील निम्मे दीड वर्षात दगावले. इतरांत हे प्रमाण १७ टक्के होते. झीज झालेले असे रोगी ज्या अभ्यासात 'बारीक' किंवा 'नेहमीच्या वजनाचे' म्हणून मोजले जातात, तेथे जाड रोगी आपोआप भाग्यवान ठरतात. बारीक माणूस बारीक आहे म्हणून दगावतो असे नसून, पुष्कळदा रोग बळावल्यामुळे तो बारीक झालेला असतो. शिवाय जाड माणसाला धाप लवकर लागते, म्हणून तो डॉक्टरांकडे लवकर पोहोचतो आणि रोग तुलनेने सौम्य असतानाच त्याचे नाव यादीत येते, हाही एक भाग आहे. दीर्घ आजारात अंगावरील साठा काही प्रमाणात उपयोगी पडत असावा, असे मानणारेही आहेत.

या वादाला २०२३ साली महत्त्वाचे वळण मिळाले. ग्लासगोच्या डॉ. जॉन मॅकमरे यांच्या गटाने, एका मोठ्या औषध-चाचणीतील आठ हजारांहून अधिक हार्ट फेल्युअर रोग्यांचे आकडे पुन्हा तपासले. देहभारांक घेतला तेव्हा जाड रोगी प्रथमदर्शनी सुरक्षित दिसले. परंतु रोगाची तीव्रता दाखविणारी इतर लक्षणे हिशेबात घेताच तो लाभ राहिला नाही. कमरेचा घेर आणि उंची यांचे प्रमाण घेतल्यावर तर विरोधाभास दिसेनासाच झाला, आणि ज्यांचा घेर अधिक त्यांना रुग्णालयात भरती होण्याचा धोका अधिक, असे आढळले. पोटाच्या मेदाने हृदयाचे रक्षण होते, या समजुतीचा आधार त्यामुळे बराच ढासळला.

त्याच वर्षी दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयाचा स्नायू आकुंचन नीट पावतो पण सैल पडत नाही, अशा प्रकारच्या हार्ट फेल्युअरच्या ५२९ स्थूल रोग्यांपैकी काहींना सेमाग्लुटाइड हे आठवड्यातून एकदा टोचण्याचे औषध वर्षभर दिले. त्यांचे वजन सरासरी १३ टक्क्यांनी उतरले, धाप कमी झाली आणि ते अधिक अंतर चालू लागले. म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हेतुपुरस्सर, मेद उतरविणे ही एक गोष्ट. आणि रोगाने नकळत मांस झिजविणे ही अगदी दुसरी. काट्यावर दोन्हींचा आकडा सारखाच खाली येतो, आणि घरच्या माणसांची फसगत होते ती येथेच.

बंधू-भगिनींनो, आता मी आपल्या घरांकडे वळतो. आपल्याकडे हृदयाचा रोग म्हटला की प्रथम ताट तोडले जाते. तूप बंद, नारळ बंद, मासळी बंद, आणि मग हळूहळू सगळेच बंद. घरातील आजी किंवा काकी मूळचीच बारीक, सर्वांच्या मागून जेवणारी, सोमवार आणि एकादशी न चुकवणारी. तिच्या पुढ्यात अळणी भात आणि पातळ वरण येते. ती दोन घास खाऊन उठते. वजन उतरले की नातेवाईक "बरे झाले, अंग हलके झाले" म्हणतात. माझी कळकळीची विनंती आहे की असे समाधान मानू नका. हृदयाच्या रोग्याचे वजन न ठरविता उतरत असेल तर ती डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगण्याची गोष्ट आहे. वर्षभरात पाच टक्के घट ही धोक्याची खूण मानतात. ६० किलोच्या माणसाच्या बाबतीत ती केवळ तीन किलो होते.

त्यासाठी घरात एक वजनकाटा आणि एक साधी वही असावी. रोज सकाळी शौचमुखमार्जन झाल्यावर, न्याहारीपूर्वी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन घ्यावे आणि तारखेसह लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंच्या वर वजन चढले, तर ते अन्नाचे नव्हे, पाण्याचे असते. डॉक्टरांना लगेच कळवावे. याउलट महिन्यागणिक थोडे थोडे उतरत असेल तर तेही दाखवावे. कधी दोन्ही एकदम घडते. चार किलो मांस गेले आणि चार किलो पाणी साचले, की काटा जेथल्या तेथे राहतो. म्हणून डोळ्यांनीही पाहावे. पावलांवर बोट दाबल्यास खळगा पडतो काय, बांगड्या सैल झाल्या काय, कानशिले बसली काय, खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो काय. हे डॉक्टरांपेक्षा घरच्यांना आधी दिसते.

कमरेसाठी काट्याचीही गरज नाही. आपल्या उंचीएवढा दोरा घ्यावा, तो दुहेरी करावा आणि बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती धरावा. टोके जुळली नाहीत तर घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे, असे समजावे. ज्यांचे हृदय अद्याप निरोगी आहे, त्या तरुण मंडळींनी हा दोरा विशेष ध्यानात ठेवावा.

आहाराविषयी थोडेसे. मिठाचे प्रमाण निरोगी माणसानेही दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, याच्या आत ठेवावे, असे येथल्याच पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत सांगितले आहे. आपली अडचण अशी की गोव्याहून आणलेले सुके बांगडे व खारवलेली कैरी एका फडताळात, आणि आंध्रातला आवकाया दुसऱ्या फडताळात. पापड वेगळेच. भाजीतले मीठ कमी करून लोणच्यातून ते दुप्पट खाण्यात अर्थ नाही. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ मात्र रोग्याने स्वतःच्या मनाने वापरू नये. त्यात पोटॅशियम असते आणि हृदयावरील काही औषधांबरोबर ते रक्तात प्रमाणाबाहेर वाढू शकते. मीठ तोडताना पोषण तोडू नये. मुगाचे कढण, ताजी मासळी, अंडे, दही, जे ज्याला चालते व मूत्रपिंडांना सोसते, ते थोडे थोडे, दिवसातून अनेक वेळा द्यावे. अळणी अन्नाला चव आणण्यास लिंबू, कोकम, आले, कोथिंबीर आहेतच. स्नायू वापराने टिकतात, म्हणून डॉक्टरांनी मुभा दिली असेल तेवढे रोज चालावे. आणि बरे वाटू लागले म्हणून औषधे सोडू नयेत. हृदयाच्या काही औषधांनी वजनाची ही झीजही मंदावते, असे २००३ साली दिसून आले आहे.

उपवासाविषयी कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जो लघवीची व रक्तदाबाची औषधे घेतो, त्याने उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला तशी मोकळीक द्यावी. दुर्बल माणसाने थोडे खाऊन देवाचे नाव घेतले तर व्रतभंग होतो, असे मला वाटत नाही.

तर तिन्ही उपदेशांचा निकाल असा. ज्याचे हृदय निरोगी त्याने पोट वाढू देऊ नये. ज्याचे हृदय थकले आहे आणि अंग स्थूल आहे, त्याने विरोधाभासाच्या भरवशावर निश्चिंत न राहता डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वजन उतरवावे. आणि थकलेल्या हृदयाचे जे माणूस बारीक आहे किंवा होत चालले आहे, त्याच्या ताटाकडे आपण सर्वांनी आधी लक्ष द्यावे, कारण अधिक धोका त्यालाच आहे.

 पुढील मेळाव्यास आपली सर्व ज्येष्ठ मंडळी सुखरूप उपस्थित असावीत, अशी श्रींच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.